प्राध्यापक नामगुंग यांच्या मोटारीची रास्त किंमत

न्याय या विषयाचे आयुष्यभर अध्यापन केलेल्या माणसाने स्वतःची जुनी मोटार विकायला काढू नये. पण प्राध्यापक नामगुंग यांना हे सांगणार कोण? सांगू शकतील अशा सगळ्यांना त्यांनीच शिकवले होते.

शिक्षक दिनाच्या जेवणात, तांदळाच्या दारूचा तिसरा प्याला संपवून, ते म्हणाले होते, "डोळे आता साथ देत नाहीत. परवाना परत करणार. गाडी मात्र कुणा चांगल्या माणसाच्या हाती पडावी." टेबलाभोवती शांतता पसरली. अशी शांतता मोडणे हे वयाने सर्वांत लहान असलेल्याचे काम, आणि ब्योन सुग्योंगने ते केले. "सर, तुमची गाडी चालवायला मिळणं म्हणजे भाग्यच."

हे शिष्टाचाराचे वाक्य होते. शिष्टाचारावर दोन ग्रंथ लिहिलेल्या नामगुंग यांनी ते मागणी समजून मनात नोंदवून घेतले.

सुग्योंग त्यांची शेवटची विद्यार्थिनी. डॉक्टरेट मिळवूनही ती तासांच्या हिशेबाने पैसे घेत गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवत हिंडत होती. सुट्टीत पगार नाही, पेट्रोल पदरचे. ही पद्धत विभागप्रमुख असताना नामगुंग यांनीच 'तात्पुरती' म्हणून मंजूर केली होती, आणि पुढे एका परिसंवादात तिचा इतका हृदयस्पर्शी निषेध केला होता की तो वाचताना त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले.

रविवारी ती पिवळ्या खरबुजांची पेटी घेऊन घरी आली. नामगुंग यांची तयारी पूर्ण झाली होती. जोंजूच्या एका व्यापाऱ्याने सोळा वर्षांच्या त्या भल्यामोठ्या मोटारीचे बारा लाख कोरियन वॉन सांगितले होते. म्हणजे व्यापारी अडाणी होता. चामड्याच्या गाद्या जपल्याचे चार लाख त्यात मिळवायला हवेत. ती सुरुवातीपासून एकाच विचारवंताने चालवली, याचे पंधरा लाख. शिष्यवात्सल्यापोटी तीन वजा.

"अठ्ठावीस लाख," ते म्हणाले. "रास्त आहे ना?"

"फारच कमी घेताय, सर," सुग्योंग लगेच म्हणाली. हातातली खरबुजाची फोड तशीच राहिली.

त्यांच्या पत्नी म्योंगजाबाई आणखी एक खरबूज चिरत होत्या. "पैशांचं जमतंय का गं, पोरी?"

"हो, काकू. माझी गाडी बंद पडल्यापासून तीस लाख बाजूला काढून ठेवलेत."

"आणि रोजचं जाणं-येणं कुठं कुठं?"

"सकाळी कुनसान, दुपारी जांगसू, मग परत. सगळं महामार्गानंच. छोट्या गाडीला टोल निम्मा पडतो, पेट्रोलही बेताचं लागतं, म्हणून मी एक बघून..." ती थांबली आणि कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे, सरांच्या गाडीपुढे ती काय!"

नामगुंग यांची बुद्धी, जी एरवी इतरांच्या लेखांतली विसंगती पहिल्या परिच्छेदातच पकडत असे, ती आता कुठे जागेवर आली. या मुलीला मोटार नकोच होती. ती घेतली असती तर साठवलेले पैसे गेले असते आणि पुढची कमाई पेट्रोलच्या टाकीत गेली असती. आणि ती ते सगळे सोसून वर आभार मानणार होती, कारण सरांना नाही म्हणायचे नसते, हे तिला याच घरात शिकवले गेले होते.

"अडचण होत असेल तर राहू दे," ते म्हणाले.

"छे, सर! मला हीच हवी." पहिल्या वेळी सुटका स्वीकारणे हा उद्धटपणा; त्यावरही त्यांचे एक प्रकरण प्रसिद्ध झाले होते.

"मग वीस दे."

"लाजवू नका ना, सर."

"बारा. नाहीतर तशीच घेऊन जा, फुकट!"

सुग्योंगचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकून मस्तक वाकवले. पैसे देऊन घेतलेली मोटार निदान पुढेमागे विकता तरी आली असती. गुरूने दिलेली मोटार मरेपर्यंत चालवावी लागते, आणि दर मेळाव्याला सर्वांना दिसेल अशी उभी करावी लागते. औदार्याची प्रत्येक पायरी तिला आणखी खोल नेत होती. वर येण्याची एकच वाट उरली होती, आणि ती त्यांच्या प्रतिष्ठेवरून जात होती.

"ऊठ," नामगुंग खाकरले. "खरं सांगू? माझा मेव्हणा चाळीस लाख द्यायला तयार आहे. तू किती वाढवतेस तेवढं बघत होतो. फुकटचं म्हणशील तर ती थट्टा. शिष्य आपल्या ठिकाणी, पैसा पैशाच्या ठिकाणी."

सुग्योंगने मान वर केली. तिच्या डोळ्यांत आधी अविश्वास आला, मग काहीतरी कायमचे विझले.

"मग त्यांनाच द्या, सर," ती शांतपणे म्हणाली. तिने निरोपाचा नमस्कार केला, अगदी बिनचूक, त्यात आपलेपणाचा लवलेशही न ठेवता. जिन्यावरची तिची पावले मात्र उड्या मारत गेली.

"माझा भाऊ?" म्योंगजाबाईंनी सुरी खाली ठेवली. "त्याला चष्म्याशिवाय स्वतःची सायकल सापडत नाही!"

"तेवढंच सुचलं."

"चाळीस लाख म्हणे. अहो, थाप तरी रास्त भावात मारायची!"

आठवड्याभरात ही कथा सगळ्या शिष्यांत पसरली: नामगुंग सरांनी जास्तीच्या बारा लाखांसाठी शब्द फिरवला. नेमाने येणारे फोन थांबले. नामगुंग यांना वाटे, एवढी हुशार मुलगी, तिला ओळखता आलेच असेल. मग वाटे, आले नसेल. अखेर त्यांनी फोन उचलला.

"कुणाला?" म्योंगजाबाईंनी विचारले.

"सुग्योंगला. नुसतं समजावून सांगतो."

"सांगा ना. उद्या सकाळी ती तीस लाखांचं पाकीट घेऊन दारात उभी राहील, रडत. मग तिला कसं परत पाठवाल?"

ते फोन हातात धरून बसले. चारचौघांत न सांगता येणारा न्याय हा न्यायच असतो का, यावर त्यांना लगोलग एक निबंध सुचला, आणि तो सुचल्याबद्दल स्वतःची शिसारी आली. फोन खाली ठेवताना सर्वांत जास्त राग याचा होता, की आपण तो उचलला होता.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, मोटारीभोवती फिरला आणि अकरा लाख म्हणाला. नामगुंग यांनी घासाघीस केली नाही. तेवढ्यावरून गाडीत काहीतरी खोट असणार असा त्याला संशय आला, आणि त्याने आणखी एक लाख कमी केला.