हिरव्या मशीनचा पोळा

आषाढातल्या वाऱ्याने परसातली बाभूळ आडवी झाली, तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सोजराबाई, मनापासून खूश झाल्या. वर्षाचं जळण घरबसल्या आलं होतं. घरात गॅस होता, पण त्याच्यावर फक्त चहा व्हायचा. आंघोळीचं पाणी, भाकरी, पाहुण्यारावळ्यांचं कालवण, सगळं चुलीवरच.

"दोन गडी कुऱ्हाडी घिऊन आलं की झालं," त्या म्हणाल्या.

पण मामंजी, म्हणजे माझे सासरे पोपटराव, गावच्या सोसायटीचे चेअरमन. चेअरमनच्या दारात कुऱ्हाडीचे घाव ऐकू यावेत? त्यांनी जाहीर केलं, "आपुन पेट्रोलवर चालणारी करवत घ्यायची. घरची. सगळ्यात भरवशाच्या कंपनीची."

"भरवशाची" हा शब्द त्यांनी उच्चारला आणि आमची अडीच महिन्यांची शांतता गेली.

खरं तर मामंजींना करवतीची नव्हे, काहीतरी निवडण्याची हौस होती. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी मोडली. एक बैल विकला. दुसरा पाखऱ्या, तो म्हातारा होता म्हणून दारातच ठेवला, आणि दारातच गेला. आत्याबाईंनी त्याला परसातल्या जांभळीखाली पुरायला लावलं. संध्याकाळी कामं उरकली की त्या अजूनही तिथेच जाऊन बसतात. मामंजींनी मात्र पाखऱ्या गेल्यावर गोठ्याला पत्र्याचा नवा झोपा, म्हणजे दार, करून घेतला. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आमच्या घरात अशी अक्षरशः घडलेली आहे.

चौफुल्यावर इनुसभाईंचं दुकान. फवारणीचे पंप, मोटारी, इंजिनं. मामंजींबरोबर मीही गेले होते, मला चप्पल घ्यायची होती. इनुसभाईंनी तीन कंपन्यांच्या चेनसॉ काढून टेबलावर मांडल्या. एक तांबडी, एक पिवळी, एक हिरवी. इंजिन केवढं, चेन कुठली, वॉरंटी किती, सगळं त्यांनी मन लावून सांगितलं. मामंजींनी तेवढ्याच मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "इनुसभाई, ह्यो सगळा कागुद झाला. जनावर खुट्ट्यावर आल्याबिगर कळत न्हाई."

"चेअरमन, हे मशीन हाय," इनुसभाई म्हणाले.

"तेच म्हंतोय मी."

दुसऱ्या दिवशी मामंजी कोंडिबा आप्पांना घेऊन दुकानात गेले. कोंडिबा आप्पा म्हणजे बैलबाजारातले जुने दलाल. आमच्या घरात आलेला प्रत्येक बैल त्यांनीच पारखलेला. आमचे हे, विक्रम, सणसवाडीच्या कंपनीत क्वालिटी खात्यात आहेत. त्यांनी जाण्याआधी बापाला समजावून पाहिलं, "आबा, मशीन असं निवडत न्हाईत. स्पेअर मिळतात का बघा, सर्व्हिस बघा."

"तुमच्या कंपनीत किती जनावरं हायती?"

"एक बी न्हाई."

"मग गप बस."

पुढचं इनुसभाईंनीच मला नंतर कपाळाला हात लावून सांगितलं. आप्पांनी तिन्ही मशीनभोवती फेरी मारली. प्रत्येकीच्या कुशीवर थाप मारली. मग चष्मा काढून चेनचे दात पाहिले. "दात सारखं हायती. पन दातावरनं ह्याचं वय कळंना," असा शेरा मारला. मागे सुरू करायची दोरी दिसली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. बसलेला बैल उठवायला शेपूट पिरगाळतात, तशी त्यांनी ती खसकन ओढली. हिरवी भर दुकानात धडाडून उठली आणि गिऱ्हाईक टेबलाखाली गेलं.

"जनावर तापट हाय," आप्पा खूश होऊन म्हणाले. "पन बाजारातली पारख खरी न्हाई. घरी न्या, कामाला जुपा, मग बघू."

बैलाच्या व्यवहारात ही रीतच आहे. जनावर आठ-पंधरा दिवस घरी न्यायचं, औताला लावून बघायचं, खोड निघाली तर परत. इनुसभाई बिचारे पंपांचे व्यापारी. पण चेअरमनला नाही कसं म्हणणार? तिन्ही करवती आमच्या गोठ्यात आल्या. मामंजींनी तिघींना तीन खुंट्यांना दाव्याने बांधलं. मी हसले तर म्हणाले, "हसाया काय झालं? मोकळं सोडायचं व्हय?"

मग एकेकीची परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी अर्धा गाव परसात. तांबडी पहिल्या हिसक्याला सुरू व्हायची, पण लाकडाला लागली की उसळायची. "उधळी हाय," आप्पा म्हणाले. पिवळी शांत होती, पण ओंडक्याच्या मध्यावर गेली की बंद. "औतात बसतंय. लई वाईट खोड." हिरवी तेवढी सरळ चालली. तरी आप्पांचं समाधान होईना. ते तिला कधी ओल्या फांदीवर चालवायला लावत, कधी बुंध्यावर, कधी ढगाळ हवेत. मामंजी बाजूला उभे राहून "हाऽऽ, हळू, हळू," असं म्हणत. हा सूर मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. खरं सांगते, माणूस इतका खूश पाहून मला बरंच वाटत होतं.

या भानगडीत बाभूळ संपली. बुंधा संपला, फांद्या संपल्या, काटेसुद्धा कुंपणाला गेले. पडवीत आढ्यापर्यंत जळण रचून झालं. ज्याच्यासाठी करवत घ्यायची ते काम करवत घेण्याआधीच उरकलं होतं. आत्याबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "झालं की. द्या त्या बिचाऱ्याची मशिनी परत."

"परत?" मामंजी दचकले. "अजून निवड कुठं झालीय?"

"पडलेल्या झाडावर काय परीक्षा व्हतीय?" आप्पांनी री ओढली. "बसल्या माणसाशी कुस्ती ती. भरवसा बघायचा तर उभं झाड पायजे."

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. परसात उभं झाड एकच होतं.

"जांभळीला हात लावायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"अगं, एका अंगानं वाळलीय ती. आज ना उद्या पडायचीच," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता, पण गाव भोवती उभं होतं आणि चेअरमनने शब्द मागे घ्यायचा नसतो. "इनुसभाईला बोलावतो. तेच्या देखत हिरवीची शेवटची परीक्षा. उतरली तर घेतली."

"तिच्याखाली पाखऱ्या हाय."

आप्पांनी बोटांवर मोजून, घाईघाईने परवाचा दिवस ठरवला. मला इतका राग आला की मी चहाचे कप तसेच आत घेऊन गेले. आत्याबाई चुलीपुढे बसून होत्या. रडतील असं वाटलं. पण त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केलं, "वैष्णवी, परवा काय हाय बघ गं."

परवा अमावास्या होती. भाद्रपदातली. आमच्याकडे पोळा श्रावणात नाही, भादव्यात असतो. बैल गेले तसा पुरुषांच्या डोक्यातून पोळाही गेला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई हळद-लोणी कालवून गोठ्यात गेल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतात आणि त्याला जेवायचं आवतण देतात. त्या हिरवीपुढे बसल्या, तिच्या मुठीला हळद-लोणी चोळलं आणि म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

मामंजी दारात थिजून उभे होते. "अगं, गाव हसंल."

"का? जनावर म्हनून तुमीच बांधलंय."

मामंजी घरात गेले आणि ट्रंकेतली पाखऱ्याची झूल घेऊन आले. कशी पांघरावी ते त्यांना कळेना, म्हणून चौघडी करून हिरवीवर टाकली. डोळे पुसायला मात्र बाहेर गेले.

पोळ्याच्या सकाळी इनुसभाई आले तेव्हा हिरवी अंगणात पाटावर होती. अंगावर झूल, मुठीला गोंडे, दातांना शेंदूर. आप्पांनी ते पाहिलं आणि जीभ चावली. पोळ्याच्या दिवशी जनावराच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेला माणूस तो. "आज न्हाई जुपता येत," त्यांनी स्वतःच सांगितलं. "उद्या."

आत्याबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. ओवाळलं, कुंकू लावलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "इनुसभाई, ह्याचं तोंड कुठंशी?"

इनुसभाई दोन महिने कुणी काहीतरी खरंखुरं विचारेल याची वाट बघत होते. ते उत्साहाने पुढे झाले, दोन्ही झाकणं उघडून दाखवली. "हे बघा काकू, हिथनं पेट्रोल खातंय. आन् हिथनं ऑइल पितंय."

"म्हंजी एक खायाचं, एक प्यायचं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यात तूप लावलेल्या पोळीचे घास सारले आणि दुसऱ्यात तांब्यातलं दूध ओतलं.

"काकूऽऽ!" इनुसभाई ओरडले. पण पोळ्याचा घास जनावराच्या तोंडातून कोण काढणार? आप्पांनीच त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी शेपूट ओढून ओढून दंड दुखवून घेतला. हिरवी फक्त ढेकर दिल्यासारखी एकदा गुरगुरली. आप्पांनी तिच्या टाकीवर कान टेकवला, आणि उठून म्हणाले, "पोट धरलंय."

"तुमचं काय म्हननं हाय, परत घिऊ मी हे?" इनुसभाईंचा आवाज चिरकला.

"न्हाई," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "ज्याच्या खुट्ट्यावर जनावर आजारी पडलं, त्येचंच झालं ते. ही बाजाराची रीत हाय. चेअरमन, निवड झाली."

अशी आमची कंपनीची निवड झाली. इनुसभाई तांबडी आणि पिवळी टेम्पोत टाकून निघाले. पण माणूस भला. जाता जाता थांबून म्हणाले, "चेअरमन, लई काय बिघडलं न्हाई. टाकी आन् कार्बोरेटर धुतला की चालू व्हईल. आत्ताच करून देतो. मग कापा जांभळ."

आत्याबाई जांभळीखाली झूल वाळत घालत होत्या. त्यांचे हात तसेच राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्या ऐकत होत्या हे मला कळत होतं.

मामंजींनी हिरवीकडे पाहिलं, मग जांभळीकडे. मग वाकून हिरवीचं दावं सोडलं, तिला गोठ्यात पाखऱ्याच्या जागी नेलं आणि खुंटीला बांधलं.

"राहू द्या, इनुसभाई," ते म्हणाले. "आजारी जनावराला कुनी कामाला जुपतं व्हय?"