घुबडाची पाती

चिमाबाईंचं डोकं बारा वर्षं दुखत होतं, आणि दुखण्याचं कारण घरापासून वीस पावलांवर होतं. कोंबड्यांच्या बंद शेडचे चार मोठे पंखे दिवसरात्र असे घोंगावायचे, की घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. निरगुडसरात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, या घरात सदा भांडणं चालतात.

लेक वृषाली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईला एक दुपार तरी शांत झोप मिळावी, एवढाच तिचा हट्ट. घुबड उडताना आवाज का करत नाही, हे तिनं वाचून काढलं. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात आणि मागची कड झालरीसारखी मऊ असते, त्यामुळे हवा एकदम न फाटता थोडीथोडी सुटते. तशाच कडा पंख्याच्या पात्यांना द्यायचं तिनं ठरवलं.

"घुबडाचं नाव घराजवळ काढू नगंस बाई," चिमाबाई म्हणाल्या. पण लेकीपुढं त्यांचं कधी काही चाललंय का!

जुन्नरला महंमद हनीफ यांचं पत्राकामाचं दुकान होतं. चाचांनी पात्यांना दात कापले, मागं रबराची झालर लावली आणि एकेक पातं तराजूत तोललं, कारण एक जरी जड राहिलं तरी पंखा थरथरतो. चार खेपा वाया गेल्या. पाचव्या खेपेला पंखे सुरू झाले, तेव्हा वृषालीचे वडील कुंडलिकराव पंख्यांपुढं तळहात धरून उभे राहिले. वारा तेवढाच होता, आवाज मात्र जवळजवळ नव्हता.

"जमलं की राव पोरीला!" ते म्हणाले, आणि सवयीनं ओरडूनच म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरानं, एप्रिलातल्या एका दुपारी, कुंडलिकराव मंचरला गेले होते आणि वृषाली कॉलेजात होती. चिमाबाई जेवून आडव्या झाल्या आणि त्यांना गाढ झोप लागली. एकच्या सुमारास शेडची थ्री फेज लाइट गेली. घराची लाइन वेगळी, त्यामुळे त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. पूर्वी शेडची लाइट गेली की घोंगावणं बंद पडायचं, आणि तेवढ्यानं चिमाबाई हातातली भाकरी टाकून जनरेटर सुरू करायला धावायच्या. ही व्यवस्था कुणी ठरवून केलेली नव्हती, म्हणून ती मोडतेय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

साडेतीनला त्या उठल्या. बंद शेडमध्ये साडेतीन हजार पक्षी उकाड्यानं गुदमरून, चोची उघड्या टाकून मरून पडले होते.

वृषाली घरी पोचली तेव्हा अंगणात गाव गोळा झालं होतं. "घुबडाची पाती बसवली, दुसरं काय व्हनार?" शेजारची साळुबाई म्हणत होती. चूक कुठं झाली ते वृषालीला तिथंच उमगलं. पंखे मुके केले, पण बंद पडल्यावर वाजेल अशी घंटी बसवायचं तिला सुचलंच नव्हतं. ते सांगायला तिनं तोंड उघडलं.

"पात्याला नावं ठिवू नगा," चिमाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "पाती झ्याक चालत व्हती. मीच झोपले. लाइट गेल्याली मला कळलीच न्हाई. पोरीला कुनी काय बोलायचं न्हाई."

वृषालीनं आपली चूक त्या दिवशी सांगितली नाही, आणि पुढंही कधी नाही. कुंडलिकराव मंचरहून आले आणि पक्षी पुरायच्या खड्ड्यासाठी जेसीबी सांगायला गेले.

दोन महिन्यांनी नवी बॅच आली. वृषालीनं घंटी बसवली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. तरी चिमाबाई रोज दुपारी शेडच्या दाराशी, पालथ्या क्रेटवर, डोळे ताणून बसायच्या.

"आई, घंटी आहे आता. जा, पड जरा."

"व्हय," चिमाबाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. मग लेकीकडं न बघता हळूच म्हणाल्या, "त्या दिशी लई ग्वाड झोप लागली व्हती गं. सांगायची बी लाज वाटती."