काठीच्या टोकाचे लोखंड

ज्या वर्षी लूबींच्या जोझीचे लग्न झाले, त्या वर्षी माझ्या टोकाला लोखंड बसले. ईस्टरच्या आधीचे उपास सुरू होण्यापूर्वी आमच्या टिपररी परगण्यात लग्ने उरकून घेतात. जोझीचेही तसेच झाले. त्या लग्नापर्यंतचे माझे आयुष्य एक आणि त्यानंतरचे दुसरे.

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. नदीकाठच्या काटेरी कुंपणात मी वाढले. टायग लूबी तेव्हा तरुण होता. त्याने मला कापले, माझे काटे तासले, अंगाला चरबी चोळली आणि चुलीच्या धुरांड्यात टांगून ठेवले. धुराने मी काळी झाले आणि टणक झाले. त्यानंतर टायगचा हात आणि माझी मूठ यांची कधी ताटातूट झाली नाही.

टायगकडे थोड्या गाई होत्या. पण गावात त्याची ओळख गाईंमुळे नव्हती. आमच्याकडे थंडी सरताना शेताशेतांतून घोड्यांच्या शर्यती होतात. सपाट मैदानावरच्या नव्हेत, कुंपणांवरून उड्या मारत जायच्या. त्या शर्यतीत कोणता घोडा पुढे येईल हे टायग सांगे आणि बहुतेक वेळा ते खरे ठरे. रविवारी प्रार्थना संपली की तो देवळाच्या बुटक्या भिंतीवर बसे. मी त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी असे. माणसे भोवती गोळा होत आणि तो एकेका घोड्याचे गुणदोष सांगत जाई. डेअरीवर दूध घालायला आलेली माणसे आठवडाभर "टायग असं म्हणाला, टायग तसं म्हणाला" करत राहत.

त्याच्या या विद्येत माझाही वाटा होता. शर्यतीच्या आधी तो सगळी वाट पायी फिरे. प्रत्येक कुंपणाशी थांबून, जिथून घोडा उडी घेतो तिथे आणि जिथे तो उतरतो तिथे, मला जमिनीत दाबे. माझे टोक घासून घासून गाईच्या खुरासारखे बोथट आणि रुंद झाले होते. जमीन किती मऊ आहे हे तो डोळ्यांनी बघत नसे. ते माझ्यातून त्याच्या तळहाताला कळे. चिखलात दमदार चालणारा घोडा वेगळा, कडक जमिनीवर पळणारा वेगळा. एकदा जमीन कळली की निम्मे घोडे आपोआप गळून पडत.

लूबींच्या घरी हेझल नावाची एक घोडी होती. तिची आई ती जन्मली तेव्हाच मेली. टायगची बायको नोनी हिने त्या शिंगराला स्वयंपाकघरात, शेगडीजवळ ठेवून बाटलीने दूध पाजले. पुढे नोनीच गेली. मागे बाप, लेक आणि ती घोडी उरली. हेझल उडी अशी मारी की बघणारा श्वास रोखून धरी. पण तिच्या पुढच्या पायांच्या शिरा नाजूक होत्या. जमीन मऊ असेल तरच तिला पळवायचे, हा घरातला नियम होता. नोनीने तो मरताना पुन्हा एकदा वदवून घेतला होता.

जोझीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी देवळाच्या चढावर बर्फ जमले होते. ती मला घेऊन लोहाराकडे गेली आणि माझ्या टोकाला लांब, निमुळते लोखंड बसवून आणले.

"बाबा, उद्या तुम्ही घसरून पडलात, तर सगळं गाव नवरी सोडून तुमच्याकडेच बघत बसेल," ती म्हणाली.

"बघू दे की! तुझ्यापेक्षा देखणा मीच आहे," टायग म्हणाला. पण ते लोखंड त्याने अंगठ्याने कितीतरी वेळ कुरवाळले. दुसऱ्या दिवशी तो लेकीचा हात धरून ताठ मानेने चढ चढला. माझा पाय एकदाही घसरला नाही. मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा.

उपासाच्या दिवसांत पाऊस पडत राहिला. सगळीकडे राडाच होता, त्यामुळे मी खोल जात होते याचे कोणालाच नवल वाटले नाही. मग ईस्टर जवळ आला आणि पूर्वेचा कोरडा वारा सुटला. शेते भराभर सुकू लागली.

ईस्टरच्या सोमवारी आमच्या गावची शर्यत. हेझल उत्तम तयार होती. जोझीचा नवरा मार्टी तिच्यावर बसणार होता. सासरी जाताना जोझीला घोडी सोबत नेता आली नव्हती, म्हणून तिला निदान ही शर्यत बघायची होती. टायगलाही ही शर्यत हवी होती. नोनीच्या घोडीला एकदा तरी गावासमोर जिंकताना बघायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

शनिवारी तो वाट फिरायला निघाला. शेजारचा डिनी क्वर्क बरोबर होता. दोघे लहानपणापासून एकमेकांना टोमणे मारत म्हातारे झाले होते.

पहिल्या कुंपणाशी टायगने मला दाबले. ते निमुळते लोखंड वरची सुकलेली साल फोडून सरळ आत गेले.

"मऊ आहे," टायग म्हणाला.

डिनीने बुटाची टाच आपटली. "कुठली मऊ? हे बघ, टाचेचा ठसासुद्धा उमटत नाही."

"तुझ्या बुटाला काय कळतंय? त्यात पाय कुणाचाय ते बघ आधी."

"अरे गाढवा, वारा बघ की जरा! माझ्या बायकोचे कपडे तासाभरात वाळताहेत."

"मग बायकोच्या कपड्यांना विचार कोण जिंकणार ते. मी काठीला विचारतो."

तो पुढे चालू लागला. प्रत्येक कुंपणाशी मी तशीच आत गेले. मला जीभ नाही, मित्रांनो. तळहाताला जे कळते तेवढेच माझे बोलणे, आणि त्या दिवशी ते खोटे होते.

रविवारी भिंतीभोवती गर्दी झाली. टायगने टोपी मागे सरकवली आणि सुरुवात केली. "रेड सर्जंट शूर आहे, पण लांबून उडी घेतो. दुसऱ्या फेरीत दमला की कुंपणाच्या मधोमध बसेल. टिंकर्स लास कुंपण बघून चालते, कधी पडायची नाही, पण कधी जिंकायचीही नाही. आपल्या मास्तरांसारखी."

मास्तर हसले. बाकीचे जास्त हसले.

"ब्रास बटन खरा वेगवान. जमीन कडक असती तर मी त्याचंच नाव घेतलं असतं आणि आमची घोडी घरी बांधून ठेवली असती. पण जमीन मऊ आहे. मऊ जमिनीत बटनाचा जीव रमत नाही. म्हणून सांगतो, हेझल."

जोझी गर्दीच्या मागे उभी होती. "नक्की ना, बाबा?" तिने विचारले. "तिच्या पायांना सोसेल ना?"

"सोसेल, पोरी. मी स्वतः बघून आलोय."

सोमवारी हेझल सर्वांच्या पुढे होती. रेड सर्जंट खरोखरच दुसऱ्या फेरीत पडला. टायगच्या मुठीला घाम फुटला होता. शेवटून तिसरे कुंपण हेझलने असे ओलांडले, की डिनीसुद्धा ओरडला. ती उतरली. पुढच्या पायाचा आवाज झाला, वाळकी फांदी मोडावी तसा. मार्टी गवतावर फेकला गेला आणि उठून उभा राहिला. घोडीही उठली, तीन पायांवर. ब्रास बटन बाजूने निघून गेला.

माणसांनी हिरवे कापड धरून आडोसा केला. जनावरांचे डॉक्टर आत गेले. जोझीने घोडीचे डोके धरून ठेवले होते. गोळीचा आवाज आला, तेव्हा ती नोनीने ठेवलेले लाडाचे नाव घेऊन हाक मारत होती.

गर्दी पांगल्यावर टायग त्या जागी आला. हेझलच्या खुरांचे ठसे जेमतेम उमटले होते. त्याने शेजारी मला दाबले. मी आत गेले. मग त्याने वाकून अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही. तो बराच वेळ वाकूनच राहिला. शेवटी त्याने मला वर उचलले आणि माझ्या टोकाकडे पाहिले.

तेवढ्यात जोझी आली. तिचे हात रक्ताने माखले होते. "बाबा, असं कसं झालं? तुम्ही बघून आला होतात ना?"

टायगने माझे टोक चटकन गवतात टेकवले. "माझंच चुकलं, पोरी," तो म्हणाला. "म्हातारा झालो. हाताला आता काही कळत नाही."

ती वळून निघून गेली. बराच काळ ती माहेरी आली नाही.

त्यानंतर भिंतीवर कोणी त्याची वाट बघेना. हेकटपणाने घोडी मारली, असे लोक म्हणत, आणि तो ऐकून घेई. मला तो चालताना टेकत असे, पण जमिनीत पुन्हा कधी दाबले नाही. लोखंड काढून टाकायला लोहाराकडेही गेला नाही. कोणी विचारले असते, तर सांगावे लागले असते.

त्याच्या दफनाच्या दिवशी जोझी मला घेऊन आली होती. सगळे निघाल्यावर ओल्या मातीत मी तिच्या वजनाने खचकन रुतले. डिनीने ते पाहिले. त्याने मला तिच्या हातातून घेतले, माझे टोक पुसून निरखले आणि बाजूच्या कोरड्या पायवाटेत दाबून पाहिले. मी आत गेले. त्याचा चेहरा पडला. त्याने टोपी काढली.

"अरे गाढवा," तो ताज्या मातीकडे बघत हळूच म्हणाला.

"काय झालं, डिनीकाका?" जोझीने विचारले.

"काही नाही गं पोरी. चांगली काठी आहे. जपून ठेव."

ती जपते. दाराच्या मागे मी उभी असते. वर्षातून एकदा, तो गेला त्या दिवशी, ती मला तेल लावते आणि लोखंड घासून चकचकीत करते. तिने बापाला दिलेली ती शेवटची भेट होती, म्हणून त्याच्यावरून तिचा हात हलत नाही.

मित्रांनो, एखाद्या म्हाताऱ्याची झिजलेली वस्तू नवी करून द्यावीशी वाटली, तर जरूर द्या. पण त्या झिजलेल्या जागेने तो काय ओळखत होता, हे आधी त्याला विचारा. आणि कोणी एखादी चूक निमूटपणे आपल्या अंगावर घेतली, तर त्याच्यापासून लगेच तोंड फिरवू नका.

हेझल त्या ईस्टरच्या सोमवारी दुपारी मेली. टायग लूबी पुढच्या वर्षी, उपास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी गेला.