न लागणारं वगळून

चष्मेवाल्याला कॉम्प्युटरचा नाद होता. दुकानात दिवसभर लोकांच्या काचा घासायच्या आणि घरी आलं की कीबोर्ड बडवायचा. लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमचे दोन प्रकार तो महिनाभर ताडून बघत होता. एकात तयार सुटे भाग मिळतात, ते आपण जोडायचे. दुसऱ्यात तेही नाही. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर घ्यायचा आणि एकेक भाग आपल्याच मशीनवर बांधून काढायचा. पहिला प्रकार मेहुण्याचा लाडका, म्हणून तो आळशांचा. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मागच्याच गल्लीत राहायचा आणि हे मत त्याला दर आठवड्याला न चुकता ऐकवलं जायचं.

बायको अकरा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागायच्या बेतात होती. एका प्रकाशनाला घरून मुद्रितं तपासणारं माणूस हवं होतं. मुलाखत गुरुवारी अकराला, घरच्या कॉम्प्युटरवरून. पडद्यावरच पानं तपासून दाखवायची होती, त्यामुळे फोनवर भागणारं नव्हतं. तोवर त्या डब्याला हात लावू नकोस, असं तिने चारचारदा बजावलं होतं. त्याने मंगळवारी लावला, आणि तोही म्हणे तिच्याच भल्यासाठी. मशीन हलकं झालं की मुलाखत झकास चालेल.

बांधणीआधी मशीन विचारतं, हे हवं का, ते हवं का? असे काही हजार प्रश्न. शहाणे लोक मुकाट्याने हो म्हणून मोकळे होतात. ह्याने एकेक वाचला आणि घरात न लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हटलं. जॉयस्टिक, नाही. टेप, नाही. कॅमेरा? त्याने स्वतः तो कधी वापरला नव्हता. नाही. एक रात्र आणि एक दिवस पंखा घरघरला आणि बुधवारी संध्याकाळी सिस्टीम आठ सेकंदांत सुरू झाली. ते आठ सेकंद त्याने बायकोला दोनदा दाखवले.

गुरुवारी पावणेअकराला बायको इस्त्रीचा कुर्ता घालून बसली. कॅमेरा सापडत नाही, असं मशीन म्हणालं. चष्मेवाल्याने वायर काढून पुन्हा लावली, मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: कॅमेऱ्याला आपणच नाही म्हटलं होतं. तेवढाच भाग पुन्हा बांधायचा तरी दुपारचे चार वाजणार. हे त्याने फरशीकडे बघत सांगितलं.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भावाकडे जा, एवढंच तिने सांगितलं.

तो स्लिपरांवर धावला. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह हातात ठेवला. हसलासुद्धा नाही, हे चष्मेवाल्याला फार लागलं.

"भाऊजी, नुसता लावा आणि मशीन चालू करा," मेहुणा म्हणाला. "माझी सिस्टीम प्रश्न विचारत नाही."

अकरा वाजून चार मिनिटांनी बायको पडद्यावर दिसली. तिने उशिराची माफी मागितली, दिलेल्या पानातल्या नऊ चुका काढल्या आणि दहावी, ताडून बघायला पलीकडून दाखवलेल्या प्रकाशनाच्याच उत्तरांच्या कागदात दाखवली. पलीकडच्या संपादकबाई खूश झाल्या. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून चष्मेवाला भिंतीला चिकटून उभा होता. त्याच्या जिवात जीव आला.

बाईंनी शेवटचं विचारलं. काम घरूनच, मुदती कडक. कॉम्प्युटर अडला तर घरात बघणारं कुणी आहे का?

बायकोने भिंतीकडे पाहिलं. राग नव्हता नजरेत, विचार होता.

"आहे एक जण," ती म्हणाली. "पण मी बाहेरचा माणूस बोलावीन."

मग सोमवारपासून सुरू करू, असं बाई म्हणाल्या. चष्मेवाल्याला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि तो आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन बसला.