तीन गुण बाकी

थोरलीचं हे वागणं आईला मुळीच पटलं नाही. संघ वीस गुणांनी पुढे, सामन्याची सहा मिनिटं शिल्लक, आणि या बाईसाहेबांनी हुकमी पोरीलाच बाकावर बसवलं! कॉलेजचा बास्केटबॉलमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडायला त्या पोरीला तीनच गुण हवे होते, आणि हा तिचा शेवटचा सामना. विक्रम होता खुद्द थोरलीचा, सतरा वर्षांपूर्वीचा. आता ती त्याच कॉलेजात कोच होती.

आई गुडघे सावरत पायऱ्या उतरली आणि थेट लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तिला का गं बसवलंस?"

"आई, सामना जिंकल्यातच जमा आहे. बाकीच्यांनाही खेळू दे की."

"अगं शहाणे, तुझ्या वेळी तीस गुणांनी पुढे होतात. सर हाका मारून दमले. आलीस तू बाहेर?"

थोरली बाकाकडे वळली. पोरगी बुटांच्या नाड्या सोडायला वाकली होती.

"राहू दे त्या," थोरली तिला म्हणाली. "जा, आत जा."

पोरगी उठून पळाली. आई मात्र हलली नाही.

"हॉलच्या भिंतीवर रंगवलेल्या नावाची राखण करायची होती, तर कोच कशाला झालीस? घरी बसायचंस. मी येऊन रोज फडकं मारलं असतं त्यावर!"