डॉरिसचं उत्तर

ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना मी एकदा कल्याणचा नवरामुलगा भलत्याच सासऱ्याला जोडून दिलेला. लग्न लागलं, आज त्यांना नातवंडं आहेत. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. पत्ता मात्र मी देणार नाही. पुढची गोष्ट खरी आहे, आणि ती सांगताना मला मजा येत नाही.

रिटायर झाल्यावर कोलशेतच्या एका छोट्या कंपनीत मला काम मिळालं. घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले दोनशे चाळीस पेशंट, ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत. प्रत्येक मशीनला एक छोटा बॉक्स. आमचा कॉम्प्युटर दर मिनिटाला प्रत्येक बॉक्सला विचारतो, चालू आहेस का? 'हो' आलं की स्क्रीनवर हिरवा दिवा, नाही आलं तर लाल. लाल दिसला की मी त्या घरी फोन करायचा आणि सिलिंडरची गाडी पाठवायची.

प्रोग्राम आमच्या ऑफिसातल्या प्रीतीचा. आधी तो एकेकाला विचारायचा. एक गप्प बसला की मागचे सगळे ताटकळायचे. गेल्या आठवड्यात तिने तो बदलला. आता एकदम पन्नास जणांना विचारायचं, कुणासाठी थांबायचं नाही, उत्तर येईल तसं टिपून घ्यायचं. पन्नास प्रश्नांना पन्नास टोकन, दवाखान्यात देतात तशी. दोन सेकंदांत उत्तर नाही आलं, तर लाल करायचं आणि तेच टोकन रांगेतल्या पुढच्याला.

तिचे वडील चांगदेव टिटवाळ्याला, तेही आमचेच पेशंट. त्यांचं नाव तिने यादीत सगळ्यांत खाली घातलेलं. "पाहुण्यांची पंगत आधी, अंकल. घरचं माणूस शेवटी," म्हणाली. मला ते आवडलेलं.

सोमवारी सकाळपासून डॉरिसचा दिवा लाल होत होता. डॉरिस आमच्या चर्चमधली, जीभ कोयत्यासारखी. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा म्हणाली, "अरे बेसिल, मी मेले का बघतोस, की मरायची वाट बघतोस? मशीन मस्त घुरघुरतंय. तुझ्या गाण्यापेक्षा बरं."

"डॉरिसचा बॉक्स जिवंत आहे," मी प्रीतीला सांगितलं. "फक्त सुस्त आहे. डॉरिसच्या घरात राहून कसा झाला कोण जाणे."

"नेटवर्क खराब आहे तिकडे," प्रीती हसली. "उत्तर यायला तीन सेकंद लागतात."

"मग ते तिसऱ्या सेकंदाला आलेलं उत्तर जातं कुठे?"

मी सहज विचारलेलं. प्रीतीचं हसू गेलं.

"टोकनवर लागतं," ती हळू म्हणाली. "पण टोकन तोवर दुसऱ्याला दिलेलं असतं. म्हणजे 'हो' त्याच्या नावावर."

"कुणाच्या?"

तिने नोंदी उघडल्या. डॉरिसचं टोकन मोकळं व्हायचं तेव्हा रांगेत एकच नाव उरलेलं असायचं. चांगदेव. त्यांचा दिवा सकाळपासून हिरवागार होता.

तिने घरी फोन लावला. स्पीकरवर तिच्या आईचा, मंजुळाबाईंचा आवाज शांत होता. "लाईट गेलीय गं, दीड तास झाला. छोट्या सिलिंडरवर ठेवलंय त्यांना. काटा पार खाली आलाय."

"आई, फोन का नाही केलास?"

"तुमच्याकडे दिसतं ना सगळं? म्हटलं गाडी निघाली असेल. तुला कामात कशाला त्रास."

आमची गाडी शीळफाट्याला अडकलेली. प्रीतीने आईच्या शेजारच्या सम्यकला फोन करून रिक्षा काढायला लावली, कल्याणच्या हॉस्पिटलला कळवलं. मग पर्स खांद्याला अडकवून दारापर्यंत गेली आणि परत आली.

"जाऊन ये पोरी, मी बघतो इथलं," मी म्हटलं.

"अंकल, अजून कुणाचा दिवा खोटा असेल ते कुठे माहितीये?"

तिने जुना, एकेकाला विचारणारा प्रोग्राम चालू केला. तो संथपणे खाली सरकू लागला. तेवढी वाट बघण्याची छाती आमच्यात नव्हती. आम्ही दोघं हिरव्या दिव्यांच्या घरी फोन करत सुटलो. ठाणे मी, कल्याण-डोंबिवली ती. प्रत्येक फोन ठेवला की ती मोबाईल उलटा करून बघायची.

पाऊण तासाने मंजुळाबाईंचा फोन आला. हॉस्पिटलात पोचलो, मास्क लावलाय. डोळे उघडलेत, बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला, रात्र काढू द्या.

प्रीतीने काय झालं ते सगळं सांगून टाकलं. स्वतःचं नाव न लपवता.

"म्हणजे लाईट गेली की मी फोन करायचा?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"हो आई."

"तुला सगळं ठीक दिसत असलं तरी?"

प्रीतीने स्क्रीनकडे पाहिलं. "तरीही कर," म्हणाली, आणि पुढच्या घरचा नंबर फिरवला.