तीन तिकिटं, तिन्ही अमरदीप

आईला रोमचं कोलोसियम बघायचं होतं. निपाणीच्या दवाखान्यात ती नर्स होती. तिथल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये औषध कंपनीचं एक जुनं कॅलेंडर होतं आणि त्यावर कोलोसियमचं चित्र होतं. तारखा कधीच्या संपल्या होत्या, पण चित्र चांगलं म्हणून ते भिंतीवरून कुणी काढलं नव्हतं. रिटायर झाल्यावर एकदा जेवताना आई म्हणाली, "अमरदीप, ते भोकाभोकाचं बांधकाम एकदा खरंखुरं बघायचं हाय रं."

मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. नियोजनात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं. साहजिकच रोमची ट्रिप मी हातात घेतली. माझी बायको, सुविधा, बँकेत नोकरीला आहे. ती म्हणाली, "कोलोसियमची तिकिटं मी काढू का? ऑनलाइनचं रोजचंच काम आहे माझं."

"हे पासबुकात एंट्री मारण्याइतकं सोपं नाही," मी म्हणालो. ते वाक्य तिनं जपून ठेवलं.

तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात, एवढं मी वाचलं होतं. मग फौंड्रीच्या कँटीनमध्ये मी रोज त्यावर व्याख्यान देऊ लागलो. परदेशात असं कुठंही उठून जाता येत नाही, आधी स्लॉट धरावा लागतो, वगैरे. क्वालिटीवाला रविराज एकदा म्हणाला, "अण्णा, आपण गोकाकच्या धबधब्याला गेलतो तवा कुठं स्लॉट धरलता?" त्याच्याकडं मी कीव आल्यासारखं बघितलं.

तिकिटं खुली होण्याच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आलो. लॅपटॉप उघडला, शेजारी फोन ठेवला आणि दार लावून बसलो. पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. दिलेल्या वेळेत सगळं भरायचं होतं. मी भरलं, पैसे भरले आणि तिकिटं आली. बाहेर येऊन मी असा उभा राहिलो की आईनं विचारलं, "पास झालास व्हय?" संध्याकाळी खडेबाजारात जाऊन तिन्ही तिकिटांच्या रंगीत प्रती काढल्या आणि लॅमिनेट करून घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "कशाला एवढं?" मी सांगितलं. त्यानं न विचारलेलंही बरंच मी सांगितलं.

रोममध्ये आम्ही वेळेआधीच जाऊन उभे राहिलो. समोर ते अवाढव्य दगडी कडं उन्हात उभं होतं. आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. गेटवर एक तरुण बाई पासपोर्ट आणि तिकिटं ताडून बघत होती. तिनं माझं तिकीट बघितलं, मान डोलावली. मग आईचं बघितलं, पासपोर्ट बघितला आणि परत तिकीट बघितलं.

"यांचं नाव अमरदीप?" तिनं इंग्रजीत विचारलं.

मी तिकीट हातात घेतलं. त्यावर माझं नाव होतं. सुविधाच्या तिकिटावरही माझंच. पळत्या घड्याळाच्या धास्तीनं मी पहिल्या रकान्यात नाव टाकलं, तेव्हा बाकीचे रकाने लॅपटॉपनं आपल्या मनानंच भरले होते. रकाने भरलेले दिसले, म्हणून मी खूश होऊन पुढं गेलो होतो. त्यानंतर त्या तिकिटांकडं मी शंभरदा बघितलं असेल, पण दर वेळी फक्त कोलोसियमचं चित्र आणि माझी हुशारी बघत होतो.

"तिघं पण तूच हाईस व्हय?" आईनं विचारलं.

मी त्या बाईला समजावलं की आम्ही एकाच घरचे, आडनाव एकच. तिनं शांतपणे सांगितलं की ज्याचं नाव त्यालाच आत जाता येतं, आणि आजची तिकिटं संपली आहेत. मी लॅमिनेशन दाखवलं. त्याचा काय उपयोग होईल असं मला वाटलं होतं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान होतं. सुविधानं आपलं लॅमिनेट केलेलं तिकीट पर्समध्ये ठेवलं. ती बोलली असती तर स्वस्तात सुटलो असतो.

"मी पण जात नाही," मी म्हणालो.

"शाणपणा करू नको," आई म्हणाली. "एवढ्या लांब येऊन आपल्यातलं एक तरी आत जाऊ दे. नीट बघ आणि मला सांग."

म्हणून ज्याला कोलोसियमचं काडीचं वेड नव्हतं तो मी एकटाच आत गेलो. माणसांच्या लोंढ्याबरोबर पायऱ्या चढलो, खालचे दगड बघितले, फोटो काढले. मन लागेना. वरच्या एका कमानीतून खाली डोकावलो तर समोरच्या कट्ट्यावर दोघी बसल्या होत्या. आईनं डबा उघडला होता आणि शेजारच्या कुठल्याशा परदेशी म्हातारीला ती चिरमुऱ्याचा चिवडा देत होती. म्हातारी दोन्ही हात पसरून घेत होती.

मी फोन लावला. "आई, वर बघ. मी हात करतोय."

तिनं मान वर करून बराच वेळ शोधलं. "कुठल्या भोकात हाईस रं?"

मला ते सांगता येईना. सगळ्या कमानी सारख्याच. मी जोरजोरात हात हलवू लागलो, तसे आजूबाजूचे लोक माझ्यापासून जरा लांब सरकले. खाली आई भलत्याच कमानीतल्या भलत्याच माणसाला हात करत होती, आणि तोही बिचारा तिला हात करत होता. मी फोन ठेवला आणि खाली निघालो.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय हाय आत?"

महिनाभर मी इतिहास वाचला होता. "मधी खड्डा आहे," मी म्हणालो, "आणि भोवतीनं पायऱ्या."

"कॅलेंडरात भायरनंच हुतं," आई म्हणाली. "चल, सगळं कडं फिरून येऊ. तू आत हुतास तवा सुविधाचं आणि माझं अर्धंच फिरून झालंय."

आम्ही तिघं पूर्ण फेरी मारली. आई मधूनच थांबून दगडावर हात ठेवायची. सुविधानं आमचे फोटो काढले.

आता आईला इजिप्तचे पिरॅमिड बघायचे आहेत. तिकिटं सुविधा काढणार आहे. परवा मी तिच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावलो, तर म्हणाली, "अहो, पासबुकातली एंट्री आहे, मला जमेल. तुम्ही बॅगांचं बघा."

मी बॅगांचं बघतोय.